येसाबाईंच्या ओट्यावरचा चहा

शालनच्या पीएचडीची तोंडी परीक्षा चालली होती. गावच्या भोंग्यावरून येसाबाई बोलू लागल्या आणि बायका ग्रामसभेला जाऊ लागल्या, असा तिचा प्रबंध.

“साफ खोटं!” परीक्षक डॉ. गुंजीकर गरजले. “गेल्याच आठवड्यात मी येसाबाईंच्या ओट्यावर चहा प्यालो. त्या म्हणाल्या, भोंग्यानं काहीही बदललं नाही. पदवी विसरा, बाई!”

हातातला हिरवा चुडा सावरत शालन हळूच म्हणाली, “सर, येसाबाई जाऊन वर्ष झालं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ‘प्रबंध पुरा करीन’ असं मी म्हटलं, तेव्हा शिवला. तरीही त्या तुम्हाला चहा पाजतायत, म्हणजे जीव माझ्या पदवीतच अडकलाय. ती अडवलीत, तर तुम्हाला पुन्हा चहाला बोलावतील.”

खिडकीच्या गजावर कावळा येऊन बसला. गुंजीकरांनी समोरचा चहा दूर सारला आणि पदवीच्या शिफारशीवर सही केली.