फरकाला एक पान

गुळाच्या अडतींनी गजबजलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध सनदी लेखापाल होते, आणि त्यांच्या हाताखाली शरयू नावाची एक शिष्या होती. सनदी लेखापाल हा शब्द जड वाटत असेल तर सीए म्हणा. गाव मात्र त्यांना नुसतेच ‘सर’ म्हणे. हिशेबाच्या बाबतीत ते किती काटेकोर, याच्या कथा पेठेत सांगितल्या जात. एकदा कुठल्याशा संस्थेच्या हिशेबात अकरा रुपयांचा फरक आला, तर सरांनी दोन दिवस जेवणाचा डबासुद्धा कार्यालयातच मागवला होता म्हणे. अकरा रुपये सापडले, तेव्हाच ते घरी गेले.

अशा गुरूच्या हाताखाली शरयू सहा वर्षे होती. तिचा हात हिशेबात इतका साफ होता, की अडलेल्या चोपड्या शेवटी तिच्याच टेबलावर येत. आणि हीच शरयू सीएच्या अंतिम परीक्षेत पाच वेळा नापास झाली होती. नापास तरी कशात? पाचही वेळा पहिल्याच पेपरात, म्हणजे हिशेबाच्याच. कधी छत्तीस, कधी सदतीस, एकदा तर एकोणचाळीस. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात. लोक म्हणत, पोहणाराच बुडतो. असे बोलायला लोकांना काही खर्च येत नाही, पण ज्याच्या नाकातोंडात पाणी जाते त्याला विचारावे.

पाचव्या निकालानंतर शरयूने लोकांत जाणेच सोडले. मावसबहिणीच्या लग्नाला ती गेली नाही, कारण तिथे कुणीतरी ‘काय गं, झालीस का सीए?’ असे विचारणार. मैत्रिणींचे फोन तिने घेतले नाहीत. घरात ती जेवायची, पण ताटात काय वाढले आहे हे तिला सांगता आले नसते.

तिचे वडील, नाना, एसटीत वाहक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. सहाव्या परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा चहाचा कप तिच्यापुढे ठेवत ते म्हणाले, “शरू, पतसंस्थेच्या चेअरमनांशी बोललोय मी. सोमवारपासून ये म्हणतात. त्यांना आज संध्याकाळी काय ते कळवायचंय.”

शरयूने कप तसाच बाजूला सारला.

“हरलीस म्हणून नाही गं सांगत,” नाना म्हणाले, “दमलीस म्हणून सांगतोय.”

बाप रागावला असता तर तिला सोपे गेले असते. संध्याकाळी सांगते, एवढे म्हणून ती कार्यालयात आली. पतसंस्थेला होकार द्यायचा, हे तिने वाटेतच ठरवून टाकले होते.

टेबलावर गूळशेठ नावाच्या अडत्याची चोपडी चार दिवसांपासून उघडी पडली होती. सरांच्या कार्यालयात एक रीत होती. संगणक सगळे जुळवून देतो, पण ते का जुळले हे सांगत नाही, असे सरांचे म्हणणे होते. म्हणून प्रत्येक शिष्याला वर्षातून एका तरी गिऱ्हाइकाचा हिशेब हाताने जुळवावा लागे. गूळशेठला संगणकाचे वावडे होते आणि तो अजून लाल चोपडीतच लिहून आणी. तेव्हा ही रीत पाळायला तो फारच सोयीचा होता.

सगळ्या खात्यांतल्या रकमा नावे आणि जमा अशा दोन बाजूंना मांडून बेरीज करायची, याला तेरीज म्हणतात. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत. गूळशेठच्या तेरजेत नावेची बाजू तीन हजार सहाशे ऐंशी रुपयांनी जड येत होती. शरयूने बेरजा तपासल्या, मागच्या वर्षीच्या शिलका तपासल्या. रक्कम चुकीच्या बाजूला पडली तर फरक दुप्पट येतो, म्हणून तिने फरक अर्धाही करून पाहिला आणि एक हजार आठशे चाळीसचा शोध घेतला. अशी एकच नोंद होती, भाड्याच्या खात्यात, नावे बाजूला. गाडीभाडे नावेच पडायचे, त्यात वावगे काय? ती पुढे गेली. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. असे चार दिवस चालले. शेजारी इतर गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यांचा ढीग वाढत होता, पण हा फरक सुटल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावणे तिला पाप वाटत होते.

दुपारी बाराच्या सुमारास स्वतः गूळशेठच आला. बँकेला कच्चा हिशेब दाखवायचा होता आणि तोही आजच. “झालं का हो ताई?” त्याने विचारले. शरयूची मान खाली गेली.

सर आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी चोपडी स्वतःकडे ओढली आणि शेवटचे कोरे पान काढले. ठाव न लागलेली रक्कम तात्पुरती ज्या खात्यात ठेवतात, त्याचे नाव वर ठळक अक्षरांत लिहिले : उचंत खाते. खाली लिहिले : तेरजेतील फरक, जमा, रु. ३,६८०, शोध बाकी. मग ती रक्कम त्यांनी तेरजेत घेतली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. सरांनी चोपडी मिटली आणि फडताळात ठेवून दिली.

शरयू पाहतच राहिली. अकरा रुपयांसाठी दोन दिवस घरी न गेलेला हा माणूस!

“शेठ,” सर म्हणाले, “तुमच्या हिशेबात तीन हजार सहाशे ऐंशीचा फरक आहे. तो अजून सापडलेला नाही. तसं लिहूनच देतोय. बँकेने विचारलं तर लपवायचं नाही.”

“म्हंजे तेवढे मला खिशातनं भराय लागत्यात का?” शेठने घाबरून विचारले.

“एक रुपयाही नाही.”

“मग राहू द्या की तिथंच! काय खायाला मागतंय व्हय ते?” असे म्हणून शेठ कागद घेऊन निघून गेला.

तो जिना उतरताच शरयू म्हणाली, “सर, हे... हे ओढूनताणून जुळवणं नाही का?”

“फरक किरकोळ खर्चात ढकलला असता तर ते ओढूनताणून झालं असतं,” सर म्हणाले. “मी तर त्याचं नाव मथळ्यावर लिहिलं.” मग ढिगातला सगळ्यात वरचा गठ्ठा त्यांनी तिच्यापुढे ठेवला. “हे ट्रकवाल्याचं काम. तीन आठवडे पडलंय. कर सुरू.”

“पण सर, तो फरक...”

“तो कुठे पळून जाणार आहे? त्याचं पान मला माहीत आहे. तू तुझं काम कर.”

शरयूला राग आला. सरांचे वय झाले, असेही तिच्या मनात येऊन गेले. पण आज इथला शेवटचाच दिवस, मग वाद कशाला, म्हणून तिने गठ्ठ्याची दोरी सोडली. पहिली दहा पाने तिने नुसती उलटली. मग सवयीने हात चालू लागला, आणि कितीतरी दिवसांनी तिचे लक्ष कामात लागले. डिझेल, टायर, चालकांचा भत्ता, टोल. हा ट्रकवाला गावातल्या निम्म्या अडतींचा माल वाहत असे.

साडेतीनच्या सुमारास तिची पेन्सिल एका नोंदीवर थांबली. ‘गूळशेठ यांस जास्त घेतलेले भाडे परत दिले, रु. १,८४०.’

परत दिले! म्हणजे गूळशेठने हे भाडे भरले नव्हते, त्याला ते परत मिळाले होते. मग त्याच्या भाडे खात्यात ही रक्कम जमा बाजूला हवी. ती उठली, फडताळातून लाल चोपडी काढली आणि भाड्याचे पान उघडले. भाड्याच्या खात्यात वर्षभर नावेच लिहायची सवय, म्हणून कारकुनाने हीसुद्धा नोंद नावे बाजूलाच टाकली होती. रोजमेळात, म्हणजे रोजच्या रोख जमाखर्चाच्या वहीत पाहिले, तर रक्कम आवक बाजूला होती आणि पुढे नुसते ‘भाडे’ एवढेच लिहिलेले होते. या नोंदीवर तिने स्वतःच्या हाताने तीनदा बरोबरची खूण केली होती. चौथ्या दिवशीचे दमलेले डोळे आणखी काय पाहणार!

ती चोपडी घेऊन सरांच्या खोलीत गेली. “सर, सापडला.”

सरांनी नोंद पाहिली, उचंत खात्याचे पान काढले, दुरुस्तीची नोंद केली आणि खाते बंद केले. शाबासकी वगैरे काही दिली नाही. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवले.

“शरयू, एक विचारतो, खरं सांग. त्या पहिल्या पेपरात तुझे किती गुणांचे प्रश्न कोरे राहतात?”

हे तिने नानांनाही कधी सांगितले नव्हते.

“तीस,” ती हळूच म्हणाली. “कधी पस्तीस.”

“का?”

“पहिलाच मोठा प्रश्न असतो ताळेबंदाचा. तो जुळत नाही. मग मी तो शोधत बसते. जुळल्याशिवाय पुढे जाववत नाही सर. ताळेबंद जुळलेला नसताना पान कसं उलटायचं? तुमच्या हाताखाली शिकलेय मी.”

सर खिन्नपणे हसले. “माझ्या अकरा रुपयांची गोष्ट तुलाही कुणी सांगितलेली दिसते. खरी आहे ती. पण त्या दोन दिवसांत तीन पक्षकारांची कामं मुदतीबाहेर गेली आणि त्यांना दंड बसला. एकाने तर माझ्याशी बोलणं सोडलं. तेवढं पेठेत कुणी सांगत नाही.”

ते पुढे म्हणाले, “हे बघ, मी पहिल्या फटक्यात पास झालो होतो. त्यामुळे तुझं दुःख मला कळतं, असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण फरक म्हणजे काय, ते पन्नास वर्षांत थोडंफार कळलंय. फरक लपवायचा नसतो, आणि त्याच्या उशाशी बसूनही राहायचं नसतं. त्याला एक पान द्यायचं, त्यावर त्याचं नाव आणि रक्कम लिहायची, आणि पुढचं काम हातात घ्यायचं. तू तुझ्या पाच निकालांना असं पान कधी दिलंच नाहीस, बाळ. म्हणून ते सगळ्याच पानांवर पसरले. नाना सांगत होते, बहिणीच्या लग्नात तेच, ताटात तेच, आणि सहाव्या अर्जावरही तेच. अपयश आलं नाही असं मी म्हणत नाही. आलं आहे, पाच वेळा आलं आहे. पण ते एका खात्याएवढं आहे. अख्खी चोपडी त्याची नाही.”

शरयूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि तिने ते पुसलेही नाही. निकालानंतर ती पहिल्यांदाच कुणापुढे रडत होती. सर खिडकीबाहेर पाहत बसून राहिले.

जरा वेळाने तिने विचारले, “आणि पुढे जाऊनही फरक नाही सापडला तर?”

“तर उरलेली चोपडी तरी बरोबर लिहिली जाईल,” सर म्हणाले. “तीही काही थोडीथोडकी नसते.”

संध्याकाळी शरयूने नानांना फोन केला. “नाना, चेअरमनांना माझा नमस्कार सांगा, आणि नाही म्हणून सांगा. मी अर्ज भरलाय.” नाना म्हणाले, “बरं. येताना मावशीकडे जाऊन ये, त्या लग्नापासनं रुसून बसलीय.” आणि शरयू खरोखरच गेली. मावशीने दारातच विचारले, “काय गं, झालीस का सीए?” शरयू म्हणाली, “नाही गं, पाच वेळा नापास झाले. लाडू उरलेत का लग्नातले?”

यथावकाश परीक्षा आली. पहिल्या पेपरातला पहिलाच मोठा प्रश्न ताळेबंदाचा होता, आणि तो जुळला नाही. चौदा हजारांचा फरक! घड्याळात पाऊण तास गेला होता. पूर्वीची ती असती तर पुन्हा पहिल्या बेरजेपासून सुरू झाली असती. तिने पेन उचलले आणि ताळेबंदाखाली लिहिले : उचंत खाते, रु. १४,०००. आणि तिने पान उलटले.

घंटा झाली तेव्हा एकही प्रश्न कोरा नव्हता. तो चौदा हजारांचा फरक शेवटपर्यंत सापडला नाही. तपासणाऱ्याने त्याचे गुण कापले असणारच, आणि ते कापणे योग्यच होते. त्या पेपरात तिला सत्तावन्न गुण मिळाले.

अंतिम परीक्षेचे दोन गट असतात. पहिला त्या वेळी सुटला, आणि पहिल्यांदाच दिलेल्या दुसऱ्यात ती सहा गुणांनी राहिली. निकालाच्या दिवशी ती दुपारी रडली, आणि चार वाजता सरांच्या कार्यालयात हजर झाली. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिले होते : दुसरा गट, सहा गुण, शोध बाकी. सरांनी ते वाचले, मान डोलावली आणि गूळशेठची यंदाची चोपडी तिच्यापुढे सरकवली.

वाचकहो, आपल्यापैकी कुणाची चोपडी आज फरकाने अडून उघडी पडली असेल, तर शेवटचे पान कोरे आहे का, तेवढे पाहून घ्या.