एका ताटात दोघी

पाट दोन आणि ताट एकच, हे पाहून तुम्ही पाहुण्या बुचकळ्यात पडलात. आमच्या घोळवाडीत डोहाळजेवण असंच होतं. गरोदर सुनेसोबत तिची सासू त्याच ताटात जेवते, आणि पहिला घास सासू घेते. बघणारीला वाटतं, केवढी ही माया. पण रीत पडली ती संशयातून.

फार मागे, या डोंगराला रस्ता नव्हता तेव्हा, गावात म्हाळू नावाची सुईण होती, असं सांगतात. एकटी राहायची, कमी बोलायची. कुणाला दिवस गेले की बोलावण्याची वाट न बघता दारात उभी राहायची आणि सुनेला काय खायला घालता, ते विचारायची. शेवग्याचा पाला शिजवा, कुळथाचं कढण द्या, मूठभर तीळ द्या, भाकरी मोजू नका, असं बजावायची. लोकांना ते रुचत नसे. गरोदर बाईनं फार खाल्लं तर मूल पोटात वाढतं आणि अडतं, अशी तेव्हाची समजूत. म्हणून दिवस भरत आले की सुनेची भाकरी अर्धी करत.

त्यात एका वर्षी गावातल्या दोन बाळंतिणी गेल्या. त्यातली एक सारजाबाईंची थोरली सून. दोघींच्या उशाशी म्हाळूच होती. मग कुजबुज सुरू झाली. ही पाल्यात काय मिसळते? हिला स्वतःचं मूल का नाही? ती पाणवठ्यावर आली की बायका अर्धी भरलेली घागर घेऊन निघून जायच्या.

पुढच्या वर्षी सारजाबाईंच्या धाकट्या सुनेला, हौसाला, दिवस गेले. सारजाबाईंनी म्हाळूला घराची पायरी चढू दिली नाही. पण एका दुपारी गोठ्यामागे हौसा घाईघाईनं काही खाताना सापडली. हातात तिळाचा लाडू, पदरात आणखी दोन. म्हाळूनं दिले, एवढंच ती बोलली. सारजाबाईंनी लाडू उकिरड्यावर फेकले आणि म्हाळूला देवळापुढे बोलावलं.

सगळ्या गावासमोर त्या म्हणाल्या, "एक सून तू खाल्लीस. आजपासून हिच्या ताटातलं आधी मी खाणार. काही घातलं असेल तर मला बाधेल."

म्हाळू म्हणे जराही चिडली नाही. "खा की," ती म्हणाली. "पण तिच्याच ताटातलं खा, दुसरं काही तोंडात घालू नका. नाहीतर कळणार कसं?"

सारजाबाईंनी देवासमोर तशी शपथ घेतली.

त्या दिवसापासून एक ताट. अर्धी भाकरी, वाटीभर पातळ आमटी, आणि खाणाऱ्या दोघी. सारजाबाई घासाचा वास घ्यायच्या, जिभेवर घोळवायच्या, मग गिळायच्या. थोड्याच दिवसांत त्यांचे पाय लटपटू लागले. जात्यावर बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका सकाळी घागर उचलताना त्या खाली बसल्या त्या उठेनात. विषच हे, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी म्हाळूला बोलावून घेतलं. शेजारणी साक्षीला जमल्या.

"मला घेरी येते. काय घातलंस ते सांग."

"त्या दिवशी देवळापुढून गेले, ती आजच येतेय तुमच्या दारी," म्हाळू म्हणाली. "मधे माझ्या हातचा कणही या घरात आला नाही. ताट तुम्हीच वाढलंत."

मग दाराआडून हौसा हळूच म्हणाली, "आत्याबाई, मला रोजच असं होतं."

सारजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. थोरलीही अशीच भिंत धरून चालायची, हे त्यांना तेव्हा आठवलं, असं सांगतात. त्या कशाबशा उठल्या, चुलीपुढे बसल्या आणि पिठाच्या मडक्यात हात घातला. भाकऱ्या थापता थापता, पाठमोऱ्याच, त्यांनी म्हाळूला विचारलं, शेवग्याचा पाला कोवळा घ्यायचा की जून.

हौसाला मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. तरी सारजाबाईंनी आधी चाखून बघणं सोडलं नाही. म्हाळूवर त्यांचा पुरता विश्वास कधी बसला नाही, आणि खरं सांगायचं तर गावाचाही नाही. हौसा लाडू खाताना सापडावी, ही म्हाळूचीच चाल होती, असं म्हणणारे अजून आहेत. कोण जाणे.

आजही आमच्याकडे सासू तो पहिला घास घेते तेव्हा हसत नाही. सावकाश चावते. ती गिळेपर्यंत सगळ्याजणी गप्प असतात. मग ती आणखी एक भाकरी ताटात वाढून घेते आणि सुनेकडे न बघता म्हणते, "मला भूक लागलीय."