आपोआप बनलेलं पान

पुण्यातल्या एका कंपनीची इव्हेंट लूपची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, होता. येतील ती कामं रांगेने उरकणारा. तो वापरायचा कसा, ते मृण्मयी ढमढेरे लिहायची. एक दिवस डायरेक्टर सबनीस म्हणाले, "कोडमधल्या कॉमेंट्स, म्हणजे लिहिणाऱ्याच्या टिपा, वाचून मशीन आपोआप डॉक्युमेंटेशन बनवतं. उद्या कस्टमरला दाखवतो, की तू नोकरीतून मोकळी!"

"चालेल सर. मग मी लिहिलेल्या कॉमेंट्स काढून घेऊ?"

"खुशाल!"

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या कस्टमरसमोर सबनीसांनी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर पान आलं: "लूप थांबवणे. हे कसं चालतं देव जाणे. हात लावू नका. सोमवारी बघतो. सबनीस."

"मशीन बिघडलंय!"

"नाही सर. तुम्ही पूर्वी कोड लिहिताना टाकलेली कॉमेंटच ते दाखवतंय. मी दाखवत नव्हते, एवढंच."

कस्टमर पोट धरून हसला. मृण्मयीची नोकरी वाचली.

संध्याकाळी सबनीस तिच्या टेबलापाशी आले. "खरंच बघणार होतो गं. मग प्रमोशन झालं आणि राहूनच गेलं."

मृण्मयीला कसंसंच झालं. तिने त्यांना खुर्ची दिली, तोच कोड उघडून दिला. सबनीस बराच वेळ वाचत राहिले.

"छान आहे. कोणी लिहिलंय गं हे?"

कोडच्या तळाशी 'सबनीस' असं नाव होतं; या वेळी मृण्मयीने ते हळूच पडद्याबाहेर सरकवलं.