डोंगरवाल्यांचं भविष्य

रानात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. दर हिवाळ्यात प्राणी कवठाचा चेंडू करून खेळत आणि हरलेल्या संघाला नव्या पिल्लांतून पहिली निवड मिळे. डोंगरवाले दरवर्षी हरत, म्हणून सगळ्यात गुणी पिल्लू दरवर्षी त्यांच्याच वाट्याला येई.

झिपऱ्या नावाचं अस्वल असंच निवडलेलं. संघाचा म्होरक्या गवा तेव्हा म्हणाला होता, "याला आत्ताच झिजवायचं नाही. तीन वर्षांनी बघा!" तेव्हापासून झिपऱ्या मैदानाच्या कडेला करंजाखाली बसून होता.

यंदाही डोंगरवाले हरले. गव्याने बिबट्याचं चपळ पिल्लू निवडलं. "तीन वर्षांनी बघा!" तो गरजला आणि जिंकल्यासारखा जल्लोष झाला.

"गवादादा, माझी तीन वर्षं केव्हाच सरली," झिपऱ्या म्हणाला. "आता तोंडावरचे केस पिकले."

"अरे, तू तर आपलं भविष्य!" गवा त्याच्याकडे न बघताच म्हणाला.

पिल्लू उड्या मारत करंजाखाली आलं. "काका, मी कधी खेळणार?"

झिपऱ्या जड अंगाने बाजूला सरकला.

"बस इथे," तो म्हणाला. "बसून बसून जागा मऊ केलीय मी."