बिनबुडाचे ओगराळे

देवांनी रत्नखचित भाल्याच्या टोकाने आदिसमुद्र ढवळला आणि त्या टोकावरून ठिबकलेल्या खारट थेंबांची बेटे झाली, त्या काळाला अजून फार युगे लोटली नव्हती. पर्वतशिखरांवर तपस्वी राहत, अरण्यांतून पिशाचे उघडपणे हिंडत, आणि मनुष्याने मारलेली आर्त हाक देवांच्या कानी पडल्यावाचून राहत नसे. त्या काळी सूर्योदयाच्या द्वीपमालेत शिओमी नावाचे एक संपन्न बंदर होते. मागे देवदारांनी झाकलेला पर्वत, पुढे काळ्या खडकांची रांग आणि तिच्यापलीकडे अथांग पूर्वसमुद्र. त्या समुद्राच्या तळाशी प्रवाळांच्या स्तंभांवर उभ्या असलेल्या प्रासादात जलाधिपती नागराज रियुजिन राज्य करीत असे. त्याच्या श्वासाने भरती येई आणि निःश्वासाने ओहोटी.

शिओमीचा अधिपती ताकेहिरा हा शूर, न्यायी आणि मितभाषी राजा होता. त्याच्या मुखावर देवीचे खोल वण होते. ज्या साथीने ते वण उमटवले, तिनेच त्याची राणी आणि दोन्ही मुले एका पंधरवड्यात नेली होती. म्हणून उत्तरेकडच्या बेटांत तीच साथ पुन्हा पेटल्याची वार्ता आली, तेव्हा त्याने तत्काळ दवंडी पिटवली, "साथ सरेपर्यंत बाहेरचे कोणतेही जहाज या बंदराला लागणार नाही, आणि इथली कोणतीही नाव कोणत्याही जहाजाजवळ जाणार नाही. आज्ञा मोडणाऱ्याला देहान्त."

परंतु शिओमीचेच एक जहाज उत्तरेला गेलेले होते. त्याचा तांडेल इसोमात्सु हा त्या किनाऱ्यावरचा सर्वांत विश्वासू नाविक. त्याच्याबरोबर गावातलीच माणसे होती, कोणाचा भाऊ, कोणाचा बाप, कोणाचा नुकता लग्न झालेला मुलगा. शरदाच्या एका भर दुपारी वादळ उसळलेले असता ते जहाज क्षितिजावर दिसले, आणि सारे गाव पाहत असता एका प्रचंड लाटेने ते उचलून बंदराच्या तोंडावरच्या खडकांवर आपटले.

जहाज फुटले, पण लगेच बुडाले नाही. खडकाच्या दाढेत अडकून ते हळूहळू भरू लागले. वाऱ्यावरून नाविकांच्या हाका स्पष्ट येत होत्या, "ओगराळे द्या! ओगराळे द्या!" ओगराळे म्हणजे नावेतले पाणी उपसायची लांब दांड्याची खोल पळी. त्यांच्याजवळची सारी ओगराळी लाटेने वाहून नेली होती आणि ते ओंजळींनी समुद्र उपसत होते.

इसोमात्सुची पत्नी सावाए घरातले ओगराळे घेऊन धावत आली आणि तिने होडी पाण्यात लोटली. सैनिकांनी ती अडवली. किनाऱ्यावर राजा स्वतः उभा होता.

"महाराज," सावाए म्हणाली, "ही परक्यांची हाक नाही. तुमची प्रजा हाक मारते आहे. त्यांना मी किनाऱ्यावर आणत नाही. नुसते ओगराळे त्यांच्या हाती देते आणि मागे फिरते."

"हाती देशील," ताकेहिरा म्हणाला, "म्हणजे त्यांचा हात तुझ्या हाताला लागेल. मग तो हात घेऊन तू या गावात येशील. माझ्या मुलाला ती साथ एका खेळण्यातून लागली होती, बाई."

"ते आजारी आहेत हे तुम्हाला कोणी सांगितले?"

"नाहीत, हे तुला कोणी सांगितले?"

ती समुद्राकडे वळली. तिने पतीचे नाव घेऊन हाक मारली, पण ती वाऱ्याने मागेच फेकली. राजाने त्या दृश्याकडे पाठ केली नाही. ते शेवटपर्यंत पाहणे हे आपले प्रायश्चित्त आहे असे समजून तो पापणी न लववता उभा राहिला. हाका एकेक करून थांबल्या. संध्याकाळपूर्वी खडकावर फक्त फेस उरला. ती माणसे आजारी होती की नव्हती, हे कोणालाही कधीच कळले नाही.

बुडालेले ते नाविक खाली खाली जात रियुजिनाच्या सभेत पोहोचले. मौक्तिकांच्या झुंबरांखाली, सहस्र मत्स्यांच्या स्थिर दृष्टीसमोर ते ओलेचिंब आणि निस्तेज उभे राहिले. किनाऱ्याच्या दृष्टीसमोर, स्वजनांच्या डोळ्यांदेखत बुडालेली माणसे नागराजाने आजवर पाहिली नव्हती. त्याचे विशाल हृदय द्रवले.

"तुमची हाक मी ऐकली," तो म्हणाला, "पण त्या वेळी लाट सुटून गेली होती, आणि सुटलेली लाट मलाही परत बोलावता येत नाही. तुम्ही सर्व मिळून एक वर मागा."

इसोमात्सुला घरी जायचे होते. तो तसे बोलणार, इतक्यात त्याच्यामागे उभे असलेले सारे एका स्वराने गर्जले, "आम्हाला जे नाकारले तेच आम्ही मागू! यापुढे आम्ही ओगराळे मागितले की कोणत्याही नावेला नाही म्हणता येऊ नये. आणि त्याच ओगराळ्याने आम्ही त्यांची नाव भरू, आमची भरली तशी!"

रियुजिनाने इसोमात्सुकडे पाहिले. तांडेलाने मागे वळून आपल्या माणसांचे चेहरे पाहिले आणि मान खाली घातली. ज्यांना तो जिवंत घरी नेऊ शकला नव्हता, त्यांच्याविरुद्ध बोलण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

"तथास्तु," नागराज खिन्न होऊन म्हणाला. "पण क्रोधात मागितलेल्या वराला शापाचे शेपूट असते, ते ऐका. ओगराळे एकदा हाती आले की नाव भरेपर्यंत तुमचा हात थांबणार नाही. थांबावेसे वाटले तरी थांबणार नाही."

त्यानंतर शिओमीच्या समुद्रावर धुके उतरू लागले. त्या धुक्यात नावेच्या कडेशी पाण्यातून पांढरे हात वर येत आणि परिचित आवाज म्हणत, "ओगराळे द्या." मागणाऱ्याला नाही म्हणण्याची शक्ती नाविकाच्या जिभेतून निघून जाई; तो आपल्याच हाताने ओगराळे देई, आणि ते असंख्य हातांत असंख्य होऊन नाव पाण्याने भरून टाकी. भावाने भावाची नाव बुडवली. बापाने मुलाची बुडवली. जे बुडाले ते त्यांनाच मिळाले आणि हात वाढत गेले. मासेमारी थांबली, मिठागरे ओस पडली, आणि साथीपासून वाचवलेले गाव उपासमारीने मरू लागले.

ताकेहिरा अनवाणी पर्वत चढून गेला. तिथे गेन्काकु नावाचा तपोधन राहत असे. धबधब्याच्या थंडगार धारेखाली उभे राहून त्याने तप केले होते, आणि देवदारांवर बसणारी तेंगु नावाची पंखधारी पिशाचेसुद्धा त्याला वाट देत. राजाने काहीही न लपवता सारे सांगितले आणि म्हटले, "भगवन्, अपराध माझा आहे. मी समुद्रात उडी घेतो. माझ्या प्राणांनी त्यांचा क्रोध शांत होईल?"

"होणार नाही," ऋषी म्हणाला. "हात आणखी दोन वाढतील."

मग त्याने धारेखाली उभे राहून रियुजिनाचे ध्यान केले. तो डोळे उघडून बोलला तेव्हा त्याच्या जटांतून समुद्राचे पाणी ठिबकत होते. "दिलेला वर देवालाही परत घेता येत नाही. त्यांनी मागितले की द्यावेच लागेल, आणि नाव भरेपर्यंत त्यांचा हात थांबणार नाही. परंतु त्यांनी ओगराळे मागितले आहे. कसे असावे, हे मागितलेले नाही. त्याचे बूड काढा. मात्र परक्याने दिलेली वस्तू ते निरखून पाहतील. ज्या हातावर त्यांचा अजून विश्वास आहे, त्याच हाताने ते द्यावे लागेल."

राजा सावाएच्या दारी गेला आणि उंबऱ्याबाहेर गुडघे टेकून बसला. त्याने ऋषीचे सारे बोलणे तिला सांगितले.

"त्या दिवशी मी द्यायला निघाले होते," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही देऊ दिले नाही. आज तुम्हीच म्हणता, दे. पण फसवून दे. नाव भरल्याशिवाय त्यांचा हात थांबणार नाही, असे तुम्हीच सांगितलेत. म्हणजे माझा नवरा युगानुयुगे रिकामे ओगराळे ओतत राहणार."

"होय," ताकेहिरा म्हणाला.

"आणि मी नाही म्हटले तर?"

राजाने बाहेर बोट दाखवले. शेजारच्या अंगणात एक बाई झाडाची साल उकडत होती आणि तिची मुले न रडता भांड्याकडे पाहत बसली होती.

"वल्ही तुम्ही मारा," सावाए म्हणाली. "दुसऱ्या कोणाला मी बरोबर नेणार नाही."

दुसऱ्या दिवशी, सूर्य डोक्यावर असूनही धुक्यामागे पांढऱ्या डागासारखा दिसत असता, त्या दोघांची होडी खडकांपाशी पोहोचली. वारा पडला. पाणी तेलासारखे जड झाले आणि चहूबाजूंनी हात वर आले. सर्वांत पुढे इसोमात्सु होता. त्याच्या केसांत शेवाळ होते, पण चेहरा तोच होता.

"ओगराळे दे," तो म्हणाला.

सावाएने ते दिले. त्याने घेतले आणि सवयीने डोळ्यांसमोर धरले, चांगला नाविक धरतो तसे. बुडाच्या जागच्या भोकातून त्याला आपल्या पत्नीचा चेहरा दिसला. ताकेहिराचे हात वल्ह्यांवरच गोठले. तांडेलाच्या एका शब्दासरशी मागचे सारे त्या होडीवर तुटून पडले असते.

"सावाए," इसोमात्सु म्हणाला, "तू आलीस."

"नाथ, मी त्या दिवशीही निघाले होते."

"आम्हाला दिसली होतीस." मग तो मागे वळून मोठ्याने म्हणाला, "गड्यांनो, माझ्या घरचे ओगराळे आहे. मी पाहिले. चांगले आहे. घ्या!"

आणि त्याने पहिले ओगराळे भरून होडीत ओतले. थेंबही पडला नाही. मागचे हात पुढे आले, ते एक ओगराळे असंख्य झाले, आणि सारे आवेशाने ओतू लागले. ताकेहिराने वल्ही मारली. होडी दूर गेली, तरी ते तिथेच, जिथे आता नाव नव्हती तिथे, उपसत आणि ओतत राहिले. इसोमात्सुने मान वर केली नाही.

होडी किनाऱ्याला लागत असता समुद्र दुभंगला आणि रियुजिन प्रकट झाला. त्याच्या शिंगांवरून जलप्रपात कोसळत होते.

"राजा, माझा वर तू मोडला नाहीस, पोकळ केलास," तो मेघगंभीर स्वरात म्हणाला. "जे जिवंतपणी मागत होते त्यांना मृतांसारखे वागवलेस, आता मृतांना जिवंतांच्या हातून बिनबुडाची वस्तू देऊन ठकवलेस. म्हणून ऐक. यापुढे या पाण्यात जे बुडतील तेही ओगराळे मागत वर येतील, आणि या किनाऱ्याच्या माणसांना धुक्यातली हाक जिवंताची की मृताची, हे आवाजावरून कधीही ओळखू येणार नाही."

सावाए पुढे झाली. "आणि ज्यांनी मागितले त्यांची सुटका?"

नागराजाने तिच्याकडे पाहिले. सर्व सागरांचा तो स्वामी मान खाली घालून पाण्याखाली गेला.

ताकेहिराने जहाजांजवळ न जाण्याची ती जुनी आज्ञा मागे घेतली आणि दुसरी दिली. पाण्यावरून हाक आली की शिओमीच्या माणसाने गेलेच पाहिजे. पहिल्या हाकेला तो स्वतः गेला आणि परत आला नाही. धुके ओसरले तशा नावा मासेमारीला निघाल्या, मिठागरे पुन्हा पांढरी झाली, मुले पोटभर जेवू लागली. सावाए त्यानंतर कधी समुद्रावर गेली नाही, पण पुढे तिने गावातल्या प्रत्येक नाविकाला स्वतःच्या हाताने ओगराळी करून दिली.

तेव्हापासून त्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या प्रत्येक नावेत दोन ओगराळी असतात, एक धड आणि एक बिनबुडाचे. धुक्यात हात वर येतो आणि कोणीतरी म्हणते, "ओगराळे द्या." ती हाक बुडणाऱ्याची असू शकते, आणि बुडवणाऱ्याचीही. विचार करायला क्षणाचाच अवधी असतो, आणि नाविकाला दोहोंपैकी एक उचलून त्या हातात द्यावे लागते.