कधी न चुकलेला पंच

एका गावात तालमी दोन होत्या आणि पंच मात्र एकच, हैबतीतात्या. पोरं सकाळी लाल मातीत घुमायची आणि संध्याकाळी माळावर फुटबॉल खेळायची. वरची आळी आणि खालची आळी, दोघींचं हाडवैर. तरी सामन्यात कधी डोकं फुटलं नाही, कारण शिट्टी तात्यांच्या तोंडात असायची. "तात्यांना दिसलं ते देवाला दिसलं," असं गाव म्हणायचं. ऐकून ऐकून तात्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं.

गावाची एक रीत होती. खेळात ज्यानं मुद्दाम दुसऱ्याचा पाय मोडला, त्यानं पुन्हा तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही. जन्मात नाही.

एकदा काय झालं, खालच्या आळीचा एकनाथ बॉल घेऊन सुसाट निघाला. वरच्या आळीचा सर्जा त्याला आडवा गेला. हा सर्जा वरच्या तालमीच्या वस्तादांचा एकुलता एक मुलगा, तालमीच्या मातीतच रांगलेला. एकनाथ कोसळला, नडगी काडकन मोडली. तात्या होते लांब, त्यात उन्हं तोंडावर. त्यांना सर्जाचा उचललेला पाय दिसला, एवढंच. बाकीचं मनानं जोडलं. शिट्टी वाजली.

"मुद्दाम मारलंस. बाहेर हो."

"तात्या, मी शिवलोसुद्धा नाही त्याला," सर्जा म्हणाला.

"चोर कधी म्हणतो का, मी चोर म्हणून?" खालच्या आळीतून कुणीतरी टोमणा मारला.

एकनाथला उचलताना तात्या जवळ वाकले. तो कण्हत, त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "तात्या, पाय घुशीच्या बिळात गेला माझा. सर्जाचा काय दोष नाही."

तात्यांनी वळून पाहिलं. बीळ होतं. एकनाथचा बूट अजून त्यात अडकलेला होता.

एक शब्द बोलायचा होता. पण त्यांच्या मनात आलं, आज ही शिट्टी चुकली म्हटलं, तर लोक मागच्या सगळ्या उकरून काढतील. मग माझं ऐकणार कोण? त्यांनी बूट उपसला आणि पायानं माती लोटून बीळ बुजवलं.

त्याच संध्याकाळी वस्तादांनी स्वतः पोराला तालमीच्या दारात अडवलं. "तात्यांची शिट्टी आहे, बाबा," एवढंच म्हणाले. सर्जा काही दिवस उंबऱ्याबाहेर नुसता बसून असायचा. मग गाव सोडून गेला. कुठं गेला, कुणाला कळलं नाही. वस्तादांनी अंथरूण धरलं.

तात्यांना घास गोड लागेना. शेवटी ते वस्तादांच्या उशाशी जाऊन बसले. "वस्ताद, माझं चुकलं. तुमच्या पोरानं काही केलं नव्हतं."

वस्तादांनी त्यांचा हात धरला. "मन मोठं आहे तुमचं. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलताय. तुमची नजर कधी चुकलीय का, तात्या?"

तात्यांनी चावडीवर सांगितलं, माळावर सांगितलं. नुकत्याच अंथरुणातून उठलेल्या एकनाथनं कुबडी टेकत साक्ष दिली. लोक म्हणाले, "भली माणसं. म्हाताऱ्यासाठी जीव तुटतोय त्यांचा."

वस्ताद तसेच गेले, पोराला गुन्हेगार समजून. आणि पुढच्या सामन्याला गावानं शिट्टी पुन्हा तात्यांच्याच हातात ठेवली.

तात्पर्य: डोळ्याची चूक कुणाचीही होते, पंचाचीसुद्धा. पण ती त्याच घटकेला कबूल करावी. वेळ टळली की खरं सांगूनही कुणाचं काही परत येत नाही.