भीमपलासातली एक जागा

"मग बुवा, दोन्हींतलं कुठलं घेऊ?"

बुवा अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले.

विचारणारा सुयोग इंगोले. तालुक्याच्या कॉलेजात गाणं शिकणारा, पहिल्या वर्षात सगळ्यांच्या वर आलेला. देशातल्या दोन नामांकित विद्यापीठांनी त्याला थेट दुसऱ्या वर्षाला घ्यायचं कबूल केलं होतं. एक दिल्लीकडचं, एक बंगालमधलं. संध्याकाळपर्यंत एकाला होकार कळवायचा, नाहीतर दोन्ही हातची जायची. आईनं गल्लीभर पेढेसुद्धा वाटून टाकले होते.

मी बुवांचा जुना शिष्य. बाजूला तानपुरा लावत बसलो होतो.

"अडचण काय आहे?" बुवांनी विचारलं.

"अडचण कसली, बुवा! दोन्ही एकाहून एक. तिकडे पंडित हरिशरणजी…"

त्याचा हात कानाच्या पाळीला गेला.

"…आणि इकडे उस्ताद मुबीन खाँसाहेब."

पुन्हा कान.

आम्हा गाणाऱ्यांत ही रीत आहे. ज्याच्याकडून विद्या घेतली, त्याचं नाव तोंडी आलं की कानाची पाळी धरायची. बुवांना मी आजवर एकाच नावाला कान धरताना पाहिलंय. त्यांच्या स्वतःच्या गुरूंच्या. आणि या पठ्ठ्यानं दोन गुरू करूनसुद्धा टाकले होते, एकाचाही सा ऐकायच्या आधी!

मला हसू आलं. बुवांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी गप तानपुरा लावू लागलो.

"दोन्ही चांगली आहेत," बुवा म्हणाले. "कुठलंही घे."

सुयोगचा चेहरा पडला. एवढ्या लांबून एसटीनं हे ऐकायला का तो आला होता?

"बुवा, असं कसं? माझ्या गळ्याला कुठलं मानवेल, ते तुम्हीच सांगू शकता."

"मग गा की."

त्याला तेच हवं होतं. मांडी ठोकून बसला. दुपार कलली होती, त्यानं भीमपलास धरला.

खोटं कशाला बोलू, पोरगा गायला! काय तो गळा, काय त्या ताना! एक संपते न संपते तोच दुसरी. समेवर असा येऊन बसायचा की माझ्याच तोंडून 'वा' निघून गेलं. आणि दर तानेनंतर तिरक्या डोळ्यांनी बुवांकडं बघायचा.

बुवांनी सुपारी तोंडात टाकली. चघळत राहिले.

शेवटी दमून तो खाली उतरला. खालच्या निषादावर आला, तिथं जरासा थांबला, आणि मग षड्जावर गेला. काही विशेष नाही. दोन सुरांची जागा. पण तो षड्ज असा लागला की घरात कुणीतरी आपलं माणूस आल्यासारखं वाटलं.

बुवांचं चघळणं थांबलं.

"ते पुन्हा म्हण."

"कुठली तान, बुवा? ती तीन सप्तकांची?"

"तान नव्हे. आत्ता खाली थांबलास ना… ते."

सुयोगनं पुन्हा म्हटलं. निषाद… आणि षड्ज.

बुवांनी डोळे मिटले. तानपुरा तेवढा चालू होता.

"ही जागा कुणी दिली?"

"ही होय?" सुयोग हसला. "आमच्या कॉलेजातल्या एक मॅडम आहेत. फार पुढचं काही देत नाहीत हो. या एवढ्याशा जागेपायी त्यांनी माझा अख्खा पावसाळा खाल्ला. मी वैतागून जायचो. त्या आपल्या म्हणायच्या, घाई करू नकोस, षड्ज कुठं पळून जात नाही."

"तू जाणार, हे त्यांना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं? ऑफिसात अर्ज दिला की दाखला मिळतो."

मला असा राग आला! पण बुवांच्या पुढ्यात बोलायची सोय नव्हती.

बुवा त्याच्या हातांकडं बघत होते.

"नाव काय बाईंचं?"

"गवारे मॅडम. प्रमिला गवारे." नाव घेतलं, तरी त्याचे दोन्ही हात मांडीवरच स्वस्थ होते.

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. हात धोतराला पुसला.

"प्रमिलाबाई गवारे…" ते हळू म्हणाले.

आणि त्यांनी कानाची पाळी धरली.

माझी तार हातातच राहिली. ऐंशीला आलेला माणूस, ज्याच्या पायाशी बसायला आम्ही जन्म घालवला, आणि त्यानं कुठल्या तालुक्याच्या कॉलेजातल्या बाईंच्या नावाला कान धरला! खरं सांगतो, मला त्या क्षणी माझ्या गुरूचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा त्यांच्या कुठल्या मैफलीत वाटला नव्हता.

सुयोगचा चेहरा पांढराफटक झाला. होकाराचं, संध्याकाळचं, सगळं विसरला तो.

"बुवा… तुम्ही गवारे मॅडमकडं शिकलात?"

"हो."

"कधी?"

बुवांचा हात अजून कानावरच होता.

"आत्ता."